दोन स्टारचा पिक्चर मला आवडला, मग चुकलं कोण?

शुक्रवारी पिक्चर लागतो आणि जळगावला पहिला शो सुटायच्या आत मोबाईलवर त्याचा निकाल लागलेला असतो. अडीच स्टार, सेकंड हाफ लांबला, एकदा बघायला हरकत नाही वगैरे. मग ग्रुपवर कोणीतरी स्क्रीनशॉट टाकतं, "दोन स्टार आलेत भो, राहू दे", आणि आठवडाभर ठरवलेला प्लॅन शेवभाजीवर येऊन थांबतो. पिक्चर कोणीच पाहिलेला नसतो पण तो वाईट आहे हे सगळ्यांना माहीत झालेलं असतं.

हा विषय आता कोर्टापर्यंत गेलाय. २०२३ साली एका मल्याळम दिग्दर्शकाने केरळ हायकोर्टात धाव घेतली, तक्रार होती रिव्ह्यू बॉम्बिंगची. म्हणजे पिक्चर लागल्या लागल्या ठरवून वाईट रिव्ह्यूंचा मारा करायचा, की पहिल्या दोन दिवसातच गर्दी आटावी. कोर्टाने मदतीला नेमलेल्या वकिलांनी मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला, त्यात सुचवलं होतं की पिक्चर लागल्यावर पहिले ४८ तास व्लॉगर लोकांनी रिव्ह्यू टाकू नये. २०२४ च्या शेवटी तामिळ निर्माते मद्रास हायकोर्टात गेले, त्यांना तर तीन दिवस हवे होते. यात निर्मात्यांचा धंदा आहे, यूट्यूबवाल्यांचा धंदा आहे, बोलायच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, ते सगळं कोर्ट बघेल. पण जो माणूस तिकीट काढतो त्याचं काय? त्याच्या आवडीला काही किंमत आहे की नाही? मला त्याच्याबद्दल लिहायचंय. माझं म्हणणं एवढंच की रिव्ह्यू जरूर वाचा, पण पिक्चर आवडला की नाही हा निकाल मात्र दुसऱ्याकडून आणू नका. आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये, त्यामागे कारणं आहेत, ती एकेक करून बघू.

आधी हा आकडा बनतो कसा

सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे. रॉटन टोमॅटोज ही अमेरिकन वेबसाइट १९९८ पासून आहे. ती स्वतः रिव्ह्यू करत नाही, शेकडो समीक्षकांचे रिव्ह्यू गोळा करते. प्रत्येक रिव्ह्यूचा एकच निष्कर्ष काढते, बरा की बरा नाही, आणि बरा म्हणणारे शंभरात किती ते टक्के छापते. साठ किंवा त्याच्या वर असला की पिक्चर 'फ्रेश', खाली असला की 'रॉटन'.

आता हे आपल्याकडचं उदाहरण घेऊन बघा. थंडीत शेतावर भरीत पार्टी आहे, पऱ्हाट्यांवर वांगी भाजलीत, शंभर माणसं जेवायला बसलीत आणि तुम्ही प्रत्येकाला विचारलं, भरीत बरं झालंय का? शंभरच्या शंभर म्हणाले हो, बरं आहे. पण मनातल्या मनात प्रत्येकाने त्याला दहापैकी सहाच मार्क दिलेत, तिखट कमी पडलंय, कांद्याची पात जून आहे. तरी तुमचा आकडा आला शंभर टक्के. दुसऱ्या शेतावर सत्तर लोकांनी बोटं चाटत दहापैकी दहा दिले, आणि तीस जणांना ते फारच झणझणीत लागलं म्हणून त्यांनी चार दिले आणि नको म्हणाले. इथला आकडा आला सत्तर टक्के. सरासरी काढली तर पहिलं भरीत सहाचं आणि दुसरं आठ पूर्णांक दोनचं! पण मोबाईलवर पहिलं शंभर टक्के आणि दुसरं सत्तर टक्के दिसणार, आणि आपण गाडी पहिल्या शेताकडे वळवणार.

म्हणजे तो आकडा पिक्चर किती चांगला हे सांगतच नाही. किती जणांना तो नकोसा झाला नाही एवढंच सांगतो. सगळ्यांना सांभाळून घेणारा, कोणालाच न खटकणारा पिक्चर तिथे वर जातो आणि ज्याच्यावर घरात भांडणं होतील असा पिक्चर खाली येतो. मला स्वतःला भांडण लावणारेच पिक्चर जास्त लक्षात राहतात.

मेटाक्रिटिक नावाची दुसरी साइट आहे, ती मार्कांची सरासरी काढते, पण सगळ्या समीक्षकांना सारखं वजन देत नाही, काहींचं मत जास्त मोजते. आयएमडीबीवर तुम्ही आम्ही कोणीही १ ते १० मार्क देऊ शकतो, पण तिथेही दिसणारा आकडा साधी सरासरी नसतो, ती साइट आपल्या हिशोबाने काही मतांना कमी जास्त वजन देते आणि तो हिशोब पूर्ण उघड करत नाही. हे लोक फसवतात असं माझं म्हणणं नाही, ठरवून टाकलेली खोटी मतं अडवायला असं करावंच लागतं. पण आकडा दिसतो तेवढा सरळ नसतो हे कळलं की त्याचा धाक निम्मा कमी होतो.

"समीक्षक जाऊ दे, पण लोकांचा आकडा तरी खरा ना?"

लाखभर लोकांनी मार्क दिलेत, एवढे लोक कसे चुकतील, हा पुढचा प्रश्न येतोच. याचं उत्तर २००६ साली 'सायन्स' या मासिकात आलेल्या एका प्रयोगात आहे. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या तीन संशोधकांनी एक वेबसाइट काढली, तिच्यावर कोणालाच माहीत नसलेल्या बँडची ४८ गाणी ठेवली आणि चौदा हजारांच्या वर लोकांना ती ऐकायला दिली, आवडेल ते डाउनलोड करा म्हणाले. काही लोकांना फक्त गाणी दिसायची. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट पाडले होते आणि त्यांना आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड केलंय तो आकडाही दिसायचा.

गाणी तीच, माणसंही साधारण एकसारखी, पण आठ गटांत आठ वेगळे निकाल. एक मधल्या दर्जाचं गाणं एका गटात पहिल्या नंबरवर गेलं आणि तेच दुसऱ्या गटात चाळिसाव्या नंबरवर राहिलं. सुरुवातीच्या काही लोकांनी योगायोगाने जे उचललं तिकडेच पुढचे लोक वळत गेले. हां, अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी टाकाऊ सहसा वर आली नाहीत, एवढा आधार आहे. पण मधल्या सगळ्या गाण्यांचं नशीब कुठेही जाऊ शकत होतं, आणि आपण बघतो त्यातले बहुतेक पिक्चर हे मधलेच तर असतात.

आता विचार करा, पिक्चर बघायच्या आधी आकडा बघितला तर आपण नुसतं माहिती घेत नाही, आपण त्या गटात जाऊन बसतो. दोन स्टार डोळ्यासमोर ठेवून बघितलेला पिक्चर दोन स्टारसारखाच दिसायला लागतो, आपण चुका हेरत बसतो.

समीक्षक खोटं लिहितात का?

पैसे घेऊन रिव्ह्यू लिहिले जातात असे आरोप इंडस्ट्रीतलेच लोक उघडपणे करतात, त्यात मला शिरायचं नाही. आपण अगदी प्रामाणिक समीक्षक धरू, बरेच असतातही. तरी त्याचं आणि आपलं बघणं वेगळंच राहणार. तो हे काम म्हणून करतो, आठवड्याला तीन चार पिक्चर बघतो, वर्षानुवर्षं बघतो. ताटातूट झालेले भाऊ, जमीन विकून पोराला शिकवणारा बाप, हे त्याने पन्नास वेळा बघितलेलं असतं, त्यामुळे त्याला नवं काही दिसलं की तो सुखावतो आणि ओळखीचं दिसलं की कंटाळतो. यात त्याची चूक नाही. पण चोपड्याचा जो माणूस कापसाच्या वेचणीतून मोकळा होऊन वर्षात चार पाच पिक्चर बघतो, त्याला तो बाप पहिल्यांदाच भेटत असतो आणि कदाचित तो त्याचा स्वतःचाच बाप असतो.

शिवाय बघायची जागा. रिव्ह्यू लिहिणारे बरेचदा प्रेस शोला बघतात, म्हणजे पत्रकारांसाठीचा खास खेळ, बाकी प्रेक्षक नाही, सगळे वह्या घेऊन गप्प. तोच पिक्चर भरलेल्या सिंगल स्क्रीनमध्ये, शिट्ट्या आणि पोरांच्या रडण्यात, हिरोच्या एंट्रीला उभी राहणारी पब्लिक, तिथे तो पिक्चर वेगळा होतो. काही पिक्चर बनवलेलेच त्या पब्लिकला धरून असतात.

माझ्या एका मावशीचं सांगतो, एरंडोलकडची. दुपारी कामं उरकली की ती मोबाईल डब्याला टेकवून पिक्चर बघते. मागे एक बघितला, सासरी एकट्या पडलेल्या बाईची गोष्ट, चांगलीच रडली. संध्याकाळी तिचा पुतण्या आला, त्याने लगेच फोन काढला आणि म्हणाला काकू, याला दीड स्टार आहे, अभिनय किती भडक आहे बघा. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "मना डोयाले पानी उनं ते काय खोटं व्हतं का रे भाऊ?" पुतण्याला उत्तर सुचलं नाही. मला वाटतं समीक्षेतला सगळ्यात अवघड प्रश्न तिने विचारला होता. अभिनय भडक असेलही, ते तपासता येईल, त्यावर वाद घालता येईल. पण तिच्या डोळ्यात पाणी आलं ही घडलेली गोष्ट आहे आणि ती घडली नाही असं कुठलाच स्टार म्हणू शकत नाही.

१९७५ सालचे तीन पिक्चर

जाणकारांचं मत पक्कं असतं का हे बघायला एकच वर्ष घेऊ. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' लागला. पहिले रिव्ह्यू थंड होते, धंद्यातले लोक तर आपटला म्हणून मोकळे झाले होते. मग बघून आलेल्या लोकांनी एकमेकांना सांगायला सुरुवात केली आणि मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला तो पाच वर्षं चालला. त्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये त्याला मिळालं किती, तर एक, एडिटिंगचं, एम. एस. शिंदे यांना. त्याच फिल्मफेअरने २००५ साली त्याला पन्नास वर्षांतला सर्वोत्तम पिक्चर ठरवलं. आपल्या मालेगावात नासिर शेख यांनी स्वतःचं व्हिडिओ पार्लर चालवता चालवता त्याची गावठी आवृत्ती बनवली आणि ती गावाने डोक्यावर घेतली, त्याला कोणाच्या रिव्ह्यूची वाट बघावी लागली नाही.

त्याच वर्षी 'जय संतोषी माँ' आला, कमी पैशात बनलेला, मोठा स्टार नाही. बाया थिएटरबाहेर चपला काढून आत जायच्या. तो वर्षातल्या सगळ्यात मोठ्या हिट पिक्चरमध्ये जाऊन बसला.

आणि तिसरा, त्याच वर्षी बेल्जियममध्ये शांताल अकरमन या बाईने बनवलेला 'झान डीलमान'. २०१ मिनिटांचा पिक्चर, एक विधवा बाई घरात बटाटे सोलते, बिछाना आवरते, असे तिचे तीन दिवस. ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारून सर्वोत्तम पिक्चरची यादी काढतं. १९६२ ते २००२ प्रत्येक यादीत 'सिटिझन केन' पहिला. २०१२ ला 'व्हर्टिगो' पहिला आला, जो १९५८ ला लागला तेव्हा रिव्ह्यू संमिश्रच होते. आणि २०२२ ला सोळाशेच्या वर जाणकारांनी पहिला नंबर दिला या 'झान डीलमान'ला, जो दहा वर्षांपूर्वी पहिल्या तिसातही नव्हता. पिक्चरमधली एक फ्रेमसुद्धा मधल्या काळात बदललेली नाही. मत देणारे बदलले, जवळपास दुप्पट झाले, बायकांच्या कामाकडे बघायची नजर बदलली. जाणकारांची आवडही माणसांचीच आवड आहे, काळाबरोबर सरकणारी, हे त्यांनी स्वतःच यादी काढून दाखवलंय.

भरतमुनी काय म्हणतात

ही भानगड नवीन नाही. भरतमुनींचं नाट्यशास्त्र हा साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ, त्यात नाटक यशस्वी झालं की नाही हे कसं ठरवायचं यावर आख्खा अध्याय आहे. त्यात साफ म्हटलंय की तरुणांना प्रेमाचं आवडतं, पैशामागे असलेल्यांना पैशाचं, शूरांना लढाया आणि रौद्र, म्हाताऱ्यांना पुराणातल्या गोष्टी. एकाच प्रेक्षकाला सगळं आवडेल अशी अपेक्षाच नाही. आणि परीक्षक कोण? त्यांची यादी दहा जणांची आहे. यज्ञ जाणणारा आहे, नर्तक आहे, छंद आणि व्याकरणवाले आहेत, राजा आहे, धनुर्धारी आहे, चित्रकार आहे, वेश्या आहे, गवई आहे, राजाचा नोकर आहे. प्रत्येकाने आपल्याला कळतं त्यापुरतंच बोलायचं. बाण सोडायची ढब बरोबर आहे का ते धनुर्धारी सांगेल, प्रेमाचा अभिनय खरा वाटतो का ते वेश्या सांगेल, तिथे व्याकरणवाल्याला विचारायचं नाही.

मला हे फार पटतं. ट्रॅक्टरचं कर्ज आणि सोसायटीचा तगादा यावरच्या पिक्चरमध्ये सीन खरा उतरलाय का हे अमळनेरच्या शेतकऱ्याला महानगरातल्या समीक्षकापेक्षा जास्त कळणार, आणि पडद्यावरची आई पोळी लाटताना लाटणं चुकीचं धरते हे माझी मावशी पहिल्या सेकंदाला सांगेल. कॅमेऱ्याचं, एडिटिंगचं समीक्षकाला विचारा, जरूर विचारा.

"त्यांचा अभ्यास असतो, आपला कुठे असतो?"

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण खान्देशाइतकं जाणकाराचं ऋण दुसऱ्या कोणावर नसेल. बहिणाबाई चौधरी शेतात, जात्यावर ओव्या रचत राहिल्या, लिहिता येत नव्हतं, जळगावबाहेर त्यांना कोणी ओळखत नव्हतं. १९५१ साली त्या गेल्या. मग त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी त्या ओव्या उतरवून घेतलेली वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि अत्र्यांनी हे केवढं मोठं आहे ते ओळखलं, १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. अत्र्यांसारखा वाचणारा नसता तर ती वही कदाचित पेटीतच राहिली असती. चांगल्या समीक्षकाचं खरं काम हे आहे, जे आपल्यापर्यंत पोचलंच नसतं ते पोचवणं, आणि जे दिसलं नाही ते दाखवणं.

पण पुढचं बघा. अत्र्यांनी ओळख करून दिली, आवडून घेतलं लोकांनी. सत्तर वर्षं झाली, ज्यांनी ती प्रस्तावना कधी वाचली नाही त्या बायकांना ती गाणी पाठ आहेत. ओळख करून देणं आणि आवड ठरवून देणं यात फरक आहे, आणि स्टार देणारा रिव्ह्यू बरेचदा पहिलं सोडून दुसरंच करतो.

"म्हणजे जे आवडलं ते चांगलंच का?"

नाही. मला आवडला आणि तो चांगला बनलाय, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं माझ्याबद्दल आहे, त्यात मी चुकूच शकत नाही. दुसरं पिक्चरबद्दल आहे, त्याला कारणं द्यावी लागतात, आणि तिथे समीक्षक मला हरवू शकतो. गोष्ट ढिली आहे हे मान्य करूनही पिक्चर जीव लावून आवडू शकतो. उलटंही होतं, सगळं जागच्या जागी असलेला, बक्षिसं मिळवलेला पिक्चर आपल्याला काहीच देत नाही, तेव्हा कंटाळा आला हे म्हणायला लाजायचं कारण नाही. आवडल्याचं नाटक केलं तर आपली आवड नेमकी काय हेच आपल्याला पुढे कळेनासं होतं.

आवड वाढतेही. पंधराव्या वर्षी जे आवडलं ते चाळिशीत आवडेलच असं नाही. पण ती वाढते बघून आणि स्वतः विचार करून, दुसऱ्याचे मार्क पाठ करून नाही.

मग रिव्ह्यू वाचायचा कधी आणि कसा

बघून झाल्यावर वाचा, ही माझी पहिली आणि सगळ्यात आवडती सूचना. आधी स्वतःशी ठरवा काय आवडलं, कुठे लक्ष उडालं, मग रिव्ह्यू उघडा. तेव्हा तो परवाना राहत नाही, गप्पा होतात, "अरे हो, हे माझ्या लक्षातच आलं नाही" किंवा "नाही बुवा, इथे मला पटत नाही".

बघायच्या आधीच वाचायचा असेल तर स्टार सोडून द्या आणि वर्णन वाचा. "तीन तास लांब, संथ, गाणी नाहीत, बापलेकीची गोष्ट" ही माहिती आहे, "रटाळ" हे मत आहे. कोणाला संथ म्हणजे रटाळ, कोणाला संथ म्हणजे निवांत. माहितीवरून तुमचं तुम्ही ठरवा. आणि एखाद दुसरा समीक्षक कायमचा धरून ठेवा, बदलत राहू नका, त्याची आवड ओळखीची झाली की त्याचा उपयोग होतो. तो तुमच्याशी सहमतच असला पाहिजे असंही नाही. ज्याला भावनिक पिक्चर कधीच सोसत नाहीत अशा माणसाने एखाद्या पिक्चरला रडका म्हटलं आणि तुम्हाला तसेच आवडत असतील, तर ती तुमच्यासाठी शिफारसच झाली ना.

"तिकिटाचे पैसे वाया गेले तर?"

हा सगळ्यात खरा आक्षेप, कारण चौघांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला गेलं की तिकीट, पॉपकॉर्न, पेट्रोल धरून मजुरीचे एक दोन दिवस जातात. समीक्षकाला पिक्चर बहुधा फुकट असतो, आपल्याला नसतो. म्हणून सावध राहणं बरोबरच आहे. पण त्यासाठी ट्रेलर आहे, गाणी आहेत, दिग्दर्शकाचा आधीचा पिक्चर आपल्याला कसा वाटला होता ते आठवता येतं. आणि सगळ्यात भरवशाचा म्हणजे आपल्यासारखी आवड असलेला माणूस, जो कालच बघून आलाय. त्याला मात्र "कसा आहे?" विचारू नका, तो म्हणेल ठीक आहे आणि विषय संपेल. विचारा कुठला सीन लक्षात राहिला. तो सांगायला लागला, हातवारे करायला लागला, शेवट सांगू नको म्हणून त्याला थांबवावं लागलं, तर तिकीट काढा. सीन आठवायलाच त्याला वेळ लागला तर मोबाईलवर येईपर्यंत थांबा, दोन महिन्यात येतोच.